सोळा माळांच्या आत

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

॥ श्रीराम ॥

ही वही पुढून जमाखर्चाची आहे. आजपासून मागून ही दुसरी. एकाच वहीत दोन्ही बसवलं, म्हणजे वेगळ्या वहीचे सत्तर रुपये वाचले.

काल हे रिटायर झाले. हार, शाल, समोसा, भाषणं. भाषणात साहेब म्हणाले, "जयंतजी ने कभी छुट्टी नहीं ली." खरं आहे. घरी मात्र क्वार्टर रिकामं करण्याचा कागद आधीच येऊन पडला होता. तीस एप्रिलपर्यंत दिल्लीतलं हे तिमारपूर सोडायचं. एकवीस वर्षं राहिलो इथे. तुळस, पाट-पोळपाट, शार्दूलचं लग्न, सगळं इथलंच. पण सरकारचं ते सरकारचं. रडत बसण्यात अर्थ नाही.

जानेवारीत नातीला, इशिताला सहा पुरी होतील. तिला पहिलीत घालायचं आहे. सूनबाईंच्या, म्हणजे हेमांगीच्या मनात मोठी फीवाली पब्लिक स्कूल होती. मी परवा एकटीच जाऊन इकडची सरकारी सर्वोदय शाळा पाहून आले. वर्गात एकही बाई खुर्चीवर बसलेली दिसली नाही, सगळ्या मुलांमध्ये उभ्या होत्या. नळाला पाणी होतं. संडासाला कडी होती. आणखी काय पाहायचं? मी मॅट्रिकपर्यंत शिकले ती झेडपीची शाळा हिच्यापुढे गोठा होती, तरी हिशेब चुकत नाही माझा.

पण क्लार्कने सांगितलं, "एक किलोमीटर के अंदर घर होना चाहिए. पैदल का रास्ता. उसके बाद नंबर आना मुश्किल है." फॉर्म मार्चमध्ये.

म्हणजे घर हवं जुनं, आपल्या ऐपतीतलं, आणि त्या शाळेपासून एक किलोमीटरच्या आत. ह्यांचा फंड, ग्रॅच्युइटी आणि शार्दूलचं थोडं कर्ज मिळून अठ्ठावन्न लाख. वर एक पैसा नाही.

देवापुढे संकल्प सोडला. पाडव्यापर्यंत सव्वा लाख जप. एक पाऊल, एक नाव. घर पाहायला पायी जायचं आणि चालताना जप करायचा. रिक्षाचे पैसेही वाचतील.

२ नोव्हेंबर

शार्दूलच्या फोनवर किलोमीटर मोजून घेतला. माझी एक माळ म्हणजे एकशे आठ पावलं. किलोमीटरला बरोबर सोळा माळा. शार्दूल म्हणाला, "आई, यार, फोन आहे ना, माळ कशाला?" मी म्हटलं, तुझ्या फोनची बॅटरी संपते.

तेव्हा नियम ठरला. सोळा माळांच्या आत.

९ नोव्हेंबर

डीलर गुलाटी. गळ्यात साखळी, हातात तीन फोन. "आंटीजी, व्हेंटिलेशन देखो, व्हेंटिलेशन!" खिडकी उघडली तर समोरच्याची बनियन तोंडावर आली.

तीन घरं पाहिली. ही सगळी जुनी डीडीएची, सरकारने बांधून विकलेली, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरची स्वस्त, खालची महाग.

हे जिन्यात प्रत्येक वळणावर थांबून भिंत पाहतात. बोटाच्या पेराने टकटक करून प्लास्टर वाजवतात. बांधकामातलं ह्यांना इतकं कळतं हे चौतीस वर्षांत मला ठाऊक नव्हतं. मी वर पोचून उभी राहते. उभं राहून वेळ वाया घालवायचा नाही म्हणून मणी ओढते. ते पण संकल्पात धरायचे.

जप: चालताना तेवीस माळा. जिन्यावर वाट पाहताना बारा मणी.

२३ नोव्हेंबर

हवा फार खराब. सूर्य दुपारपर्यंत पितळी वाटीसारखा. इशिताची शाळा ऑनलाइन. हे खोकतात, पण दिल्लीत कोण खोकत नाही?

एक घर आवडलं होतं, तिसऱ्या मजल्याचं. शाळेपासून माळा मोजल्या तर वीस. गुलाटी म्हणाला, "बस पाँच मिनट!" मी म्हटलं, भय्या, पाँच मिनट तुम्हारी मोटरसायकल के.

जिन्यावर वीस मणी.

१४ डिसेंबर

आज सी पॉकेटमध्ये (इथे कॉलनीच्या भागाला पॉकेट म्हणतात) तळमजल्याचं घर पाहिलं. मालकीण मराठी निघाली! देविकाताई उजगरे, नगरकडच्या ख्रिस्ती, हिंदूरावच्या दवाखान्यातून सिस्टर म्हणून रिटायर झालेल्या. आता मुनिरकेला भाचीकडे जाणार. हॉलमध्ये येशूची तसबीर, खाली ताजी शेवंती. घर नीटनेटकं. मागच्या भिंतीला ओल आहे, पुढे नाली आहे, पण अंगण आहे चार हात. सत्तावन्न लाख.

एक गोष्ट खटकली. त्याआधी आम्ही बी पॉकेटमधलं एक तिसऱ्या मजल्याचं पाहून आलो होतो (एकतीस मणी). देविकाताईंच्या दारात आल्या आल्या बाईंनी ह्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, मनगट धरून काही विचारलं. मी उभीच. मला खुर्ची नाही की पाणी नाही! बाईमाणसाने आधी बाईमाणसाला विचारावं. मी स्वयंपाकघर पाहत होते तोवर दोघांचं हळू आवाजात चाललं होतं. घराच्या भावाचं बोलत असतील म्हणून मी मध्ये पडले नाही.

निघताना मला म्हणाल्या, "वरचं घर स्वस्त असतं ते उगीच नाही, सरलाताई. पाहा बरं."

स्वतःचं खपवायला बोलणारच त्या.

शाळेपर्यंत मोजलं. रस्त्याने एकोणीस माळा. पार्काच्या कोपऱ्यात एक छोटं लोखंडी फाटक आहे, तिथून गेलं तर खूप जवळ, पण त्याला कुलूप, आणि कुलपावर गंज. म्हणजे हे घर बाद.

२० डिसेंबर

ह्यांचा शर्ट भिजवताना खिशात हिंदूरावची पर्ची, म्हणजे केसपेपर, निघाली. अर्धी भिजली होती. मी विचारलं तर म्हणाले, "अगं, मारुतीची आहे. त्याच्या छातीत दुखत होतं, सोबत गेलो होतो." मारुती शेलार म्हणजे ह्यांच्या ऑफिसातले. बिचारे. एवढे धडधाकट दिसतात.

आपल्याकडे औषधोपचाराचं सरकारी कार्ड आहे, डिस्पेन्सरी कोपऱ्यावर आहे, मग मारुतीभावजी हिंदूरावला कशाला गेले? पण असेल काही. त्यांच्या नावाने एक माळ जास्त केली.

६ जानेवारी २०२६, मंगळवार. अंगारकी

गणपती पावला!

ए पॉकेट, तिसरा मजला. शाळेपासून फक्त सहा माळा! गॅलरीत उभं राहिलं की शाळेचं पटांगण दिसतं, घंटा ऐकू येते. पूर्वेला देवघराची भिंत. छप्पन्न लाख. मालक कॅनडाला, भाव करायला मोकळा.

आणि ऐक. (कोणाला सांगते आहे मी? पण ऐक.) पायऱ्या मोजल्या, चोपन्न. म्हणजे नेमकी अर्धी माळ. वर पोचले, उरलेली अर्धी माळ ओढली, आणि मेरुमण्याला बोट लागायला आणि हे वर यायला एकच गाठ पडली. चोपन्न आणि चोपन्न. पुरी एकशे आठ. अंगारकीच्या दिवशी. याहून स्वच्छ कौल तो काय असतो? माझ्या अंगावर काटा आला.

ह्यांना सांगितलं. हे कठड्याला धरून उभे होते. थोड्या वेळाने म्हणाले, "तुला आवडलं ना? मग झालं."

कमी बोलतात, पण मन ओळखतात.

१८ जानेवारी

करोल बागेत मराठी मंडळाचं तिळगूळ. मारुतीभावजी भेटले. मी विचारलं, "आता छातीचं कसं आहे?" ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग ह्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो हो, वहिनी, बरं आहे आता. जयंतराव होते सोबत म्हणून." आणि चार लाडू एकदम तोंडात घातले. दुखण्यातल्या माणसाला इतके लाडू चालतात का?

२२ जानेवारी. माघी गणेश

ए पॉकेटच्या घराला टोकन दिलं. अकरा हजार. गुलाटीने पावतीवर लिहून दिलं की आपण मागे फिरलो तर परत मिळणार नाहीत. मी म्हटलं, हम पीछे नहीं हटते. पुरा बयाणा चोवीस फेब्रुवारीला, सहा लाख.

हेमांगीने आज पहिल्यांदा स्वतःहून मला मिठी मारली. म्हणाली, "आई, तुम्ही खरंच शोधलंत. मला वाटलं होतं आपण नोएडाच्या पलीकडे कुठेतरी जाऊ." रात्रंदिवस फोनवर काम करते पोर. तिला मुलीच्या शाळेची किती काळजी होती ते आज कळलं.

८ फेब्रुवारी

सगळ्यांना घर दाखवायला नेलं. हेमांगी आणि इशिता माझ्याबरोबर वर. शार्दूल खाली गुलाटीशी बोलत मागे राहिला. इशिता गॅलरीतून ओरडली, "आजी, झूला! मेरे स्कूल में झूला!" अजून नाव लागलं नाही तर "मेरे स्कूल". मी म्हटलं मराठीत बोल. म्हणाली, "झोका. माझ्या स्कूलमध्ये."

परत जाताना मला म्हणते, "आजी, आजोबा जिन्यात भिंतीला डोकं टेकून उभे होते. डोळे बंद." मी म्हटलं, वास्तूला नमस्कार करत असतील.

जप: बावीस माळा. जिन्यावर सत्त्याण्णव मणी.

२२ फेब्रुवारी, रविवार

परवा बयाणा. आज बसून संकल्पाची बेरीज केली. जमाखर्चात महिन्याला ताळा घेते तसा जपाचाही घ्यायचा. सव्वा लाख म्हणजे अकराशे अठ्ठावन्न माळा धरल्यात. झाल्या आठशे नव्वद. उरतात दोनशे अडुसष्ट. होतील.

मग सुटे मणी. ते वेगळे लिहिले होते, त्यांच्या माळा करायच्या म्हणून एकाखाली एक मांडले.

बारा.
वीस.
एकतीस.
चोपन्न.
सत्त्याण्णव.

सगळे तिसरे मजले. पायऱ्या सगळीकडे पन्नासच्या आसपास. मीच चढले, हेच चढले.

दुधाचा हिशेब असता तर मी गवळ्याला तिथल्या तिथे धरला असता.

पुन्हा वाचलं सगळं, पहिल्या पानापासून. भिंत वाजवणं. पर्ची. मारुतीभावजींचे लाडू. डोकं टेकून डोळे बंद. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. मी लिहीत होते आणि वाचत नव्हते.

आणि अंगारकीचा कौल. चोपन्न मणी माझा नवरा जिन्यात श्वास गोळा करत उभा होता, आणि मी वर देवाचे आभार मानत होते.

२३ फेब्रुवारी

सकाळी पदर खोचून सी पॉकेटला गेले. देविकाताई कपडे वाळत घालत होत्या. मला पाहून चिमटे खाली ठेवले.

"कळलं?" म्हणाल्या.

"तुम्हाला कधी कळलं?"

"दारात आले तेव्हाच. ओठ निळसर झाले होते. मीच म्हटलं हिंदूरावला जा, माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. गेले. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या सांगितल्या तर म्हणाले, घर झाल्यावर."

"मला का नाही सांगितलंत?"

"घर होईपर्यंत बायकोला सांगू नका म्हणाले. माझ्या आजारपणात पैसा गेला तर नातीची शाळा जाईल, म्हणाले. पस्तीस वर्षं सिस्टर होते मी, पेशंटचं बोलणं बाहेर नेत नाही. म्हणून घराचं तेवढं बोलले. तुम्ही ऐकलं नाही."

नाही ऐकलं.

त्यांनी चहा दिला, आणि खुर्चीही. मी घर मागितलं. त्या म्हणाल्या, "मार्चअखेरपर्यंत थांबते. पण शाळेचं?"

"त्याचं मी बघते," म्हटलं. कसं बघते ते ठाऊक नव्हतं, पण आवाज बरोबर लागला.

घरी येऊन सगळ्यांसमोर सांगून टाकलं, वरचं घर नको. माझे गुडघे गेलेत. चोपन्न पायऱ्या मला होणार नाहीत.

देवा, खोटं बोलले. पण हे कधी कबूल करणार नाहीत, आणि माणसाला मुलासुनेसमोर उघडं पाडायचं नसतं.

हेमांगी रडवेली झाली. "आई, टोकन गेलं ना! आणि सीट? पुढच्या महिन्यात फॉर्म आहे! आधी नाही सांगता आलं?" शार्दूल तिला "थांब गं" म्हणत होता, पण त्याचाही चेहरा उतरला होता.

आणि हे! हे खुर्चीत ताठ बसून मला रागावले, "गुडघे दुखतात तर बोलायचं नाही का माणसाने? इतके दिवस लपवून ठेवलंस? घरापेक्षा तब्येत मोठी की नाही?"

मी खाली मान घालून ऐकून घेतलं. हसू येईल म्हणून वर पाहिलं नाही. रडू येईल म्हणूनही.

खर्च: टोकन बुडालं, अकरा हजार. लिहिलं. सोडलं.

२५ फेब्रुवारी

गुडघे दाखवायला म्हणून ह्यांना सोबत घेऊन डिस्पेन्सरीत गेले. खिडकीत माझं कार्ड न देता ह्यांचं पुढे सरकवलं.

आत डॉक्टर बाई म्हणाल्या, "हाँ जी, घुटने?"

मी म्हटलं, "घुटने मेरे हैं. आप पहले इनका सीना देखिए."

"अगं!" हे म्हणाले.

मी पिशवीतून वही काढून वाचायला लागले. "नौ नवंबर, बारह. तेईस नवंबर, बीस. चौदह दिसंबर, इकतीस. छह जनवरी, चौवन. आठ फ़रवरी, सत्तानवे."

"ये क्या है?"

"जाप है. मैं ऊपर पहुँचकर जितने मनके इनकी राह देखती थी. हर बार तीसरी मंज़िल."

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. वही हातात घेऊन पाहिली, मराठी वाचता येत नव्हतं तरी आकडे पाहिले. म्हणाल्या, "ऐसी रिपोर्ट तो मेरे पास आज तक नहीं आई." मग ह्यांना टेबलावर झोपवलं, ईसीजीची पट्टी काढली, आणि मोठ्या दवाखान्याचा कागद लिहिला. सीढ़ी बिल्कुल बंद.

येताना रस्त्यात ह्यांनी वहीची पिशवी माझ्या हातातून घेतली. मग म्हणाले, "मणी मोजत होतीस तू?"

"संकल्पाचे होते."

"मला वाटायचं, वर जाऊन देवाचं नाव घेतेस."

"तेच घेत होते."

१ मार्च

फाटक.

सी पॉकेटच्या प्रधानजींकडे, म्हणजे सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेले. धिप्पाड माणूस, दारात तीन कुंड्या आणि दोन पाट्या, कुत्र्यापासून सावध आणि प्रधानापासून सावध असल्यासारख्या. म्हणाले, "बहनजी, गेट नहीं खुलेगा. मोटरसायकल वाले घुसते हैं. चेन छीनकर भागते हैं."

"कब भागते हैं?"

"शाम को."

"स्कूल तो सुबह है."

ते म्हणाले, "रोज़ खोलेगा कौन, बंद करेगा कौन? चौकीदार दो सौ रुपये माँगेगा."

"मैं. सुबह पौने सात को खोलूँगी, सवा सात को बंद. दोपहर फिर आधा घंटा. पैसा नहीं चाहिए. ताला भी मैं लाऊँगी." कुलूप म्हणताना जरा जड गेलं, पण बोलून गेले.

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "दे दो ना जी! मैं भी मंदिर उधर से ही चली जाया करूँगी, घुटने टूट गए घूम-घूमके."

खरे गुडघे, हिचे.

प्रधानजींनी लेटरहेडवर लिहून दिलं की हा सोसायटीचा पायी रस्ता आहे. शिक्काही मारला. खर्च: कुलूप एकशे ऐंशी, तेल दहा.

६ मार्च

फॉर्म भरला. देविकाताईंच्या घराच्या बयाण्याची पावती आणि प्रधानजींचं पत्र जोडलं. क्लार्क पत्र उलटसुलट पाहून म्हणाला, "मैडम, गेट काग़ज़ पर है या ज़मीन पर?" मी म्हटलं, चलकर देख लो. तो काही उठेना, पण तिथल्या एक बाई, हरियाणवी ठसक्यात बोलणारी मास्तरीण, म्हणाल्या, "चलो, मैं चलती हूँ. बैठे-बैठे कमर अकड़ गई."

देविकाताईंच्या दारातून निघालो. बाईंच्या हातात फोन, माझ्या हातात माळ. फाटकाशी मी किल्ली काढली. किल्ली फिरवताना एक मणी सुटला, तो मी परत मागे जाऊन पावलासकट घेतला. बाई हसल्या. शाळेच्या दारात उभी राहून मी म्हटलं, पंधरा माळा आणि चाळीस मणी.

त्यांनी फोन दाखवला. नऊशे साठ मीटर.

हेमांगी दारात फाइल घेऊन उभी होती. ती तिथेच पायरीवर बसली. शार्दूलला फोनवर म्हणाली, "आईंनी केलं." एवढंच म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

१० मार्च

जप: बेचाळीस माळा. दवाखान्याच्या बाकावर.

१२ मार्च

ह्यांच्या हृदयाची एक नळी अर्ध्याहून जास्त बंद होती. जाळी बसवली. सगळं कार्डावर झालं. ज्या खर्चाच्या भीतीने हे चार महिने भिंती वाजवत होते, तो खर्च माझ्या वहीत असा आहे: रिक्षा दोनशे चाळीस, नारळपाणी एकशे साठ, देविकाताईंना फुलं पन्नास.

डॉक्टर म्हणाले, महिना उशीर झाला असता तर. पुढचं न ऐकता मी औषधांची चिठ्ठी घेऊन उठले.

१९ मार्च. पाडवा

परवा कागद झाले. आज कलश घेऊन आत पाऊल टाकलं. एकही पायरी नाही, नुसता उंबरा. गुढी अंगणात, शार्दूलने बांधली, जरा तिरकी. मागच्या भिंतीची ओल चुना मारूनही दिसते. दिसू दे. देवघर त्या भिंतीपासून हातभर पुढे मांडलं.

देविकाताई मुनिरकेहून आल्या होत्या. त्यांच्या तसबिरीचा खिळा भिंतीत राहिला होता, म्हणाल्या काढून देते. मी म्हटलं असू दे, तिथे तुम्ही आलात की शेवंती टांगू.

दुपारी सव्वा लाख पुरा झाला. शेवटचा मणी कुठे ओढला सांगू? फाटकाशी, कुलपाला तेल घालताना.

३० मार्च

यादी लागली. इशिता शार्दूल, अकरावा नंबर. मी यादीवरून बोट फिरवत दोनदा वाचलं. मग पेढे, पाव किलो. (अर्धा घ्यावा वाटत होतं. पाव पुरला.)

८ एप्रिल

रोज पावणेसातला फाटक उघडते. माझ्या मागे आता नऊ मुलं असतात, दोन मंदिरवाल्या, आणि प्रधानजी, जे म्हणतात की ते फक्त देखरेखीला येतात.

हे इशिताला सोडायला येतात. डॉक्टरांनी हळू चालायला सांगितलंय. मध्ये पार्काच्या बाकावर दोन मिनिटं बसतात. आता भिंत पाहत नाहीत. सरळ म्हणतात, "थांब गं, दमलो." हा शब्द ह्यांच्या तोंडून मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला. मीही शेजारी बसते. जप नाही करत तेवढ्यात. संकल्प पुरा झालाय.

परवा ह्यांनी माझ्यासाठी केमिस्टकडून गुडघ्याचे पट्टे आणले. साडेचारशे रुपये! मी म्हटलं, अहो, कशाला? म्हणाले, "तू इतके दिवस सोसलंस. आता रोज घालायचे." वहीत "वायफळ" खाली लिहिलं होतं, ते खोडून "औषधपाणी"मध्ये घातलं. रोज घालते. गरम होतं फार, पण खोटं बोलले त्याचं प्रायश्चित्त स्वस्तात होतंय.

एक मात्र आहे, हे रोज सकाळी चहा घेताना पेपरावरून डोळे न काढता विचारतात, "आज कोणता दुखतोय?" काल मी उजवा म्हटलं. आज डावा म्हणून गेले. "बरं," म्हणाले आणि पेपर तोंडापुढे धरून कितीतरी वेळ वाचत बसले. पेपर हलत होता.

चौकशी फार करतात हल्ली. बरं वाटतं.